अठ्ठावीस सेकंद

शनिवारी चावी द्यायची घड्याळं आमच्याकडं अकरा होती.
शाहूपुरीत गुळाच्या अडतीवर एक,
शुक्रवार पेठेत तालमीत एक,
बाकीची नऊ या कवितेत नाहीत.

ही दोघं एकाच खोक्यातून आलेली.
एकाच मापाचे लंबक, पोलादी दांडी,
तळाला पितळी चकती
आणि चकतीखाली नट, हरभऱ्याएवढा.

अब्बा सायकलच्या दांडीला ट्रान्झिस्टर बांधून निघायचे.
बातम्यांआधीचे पिप् पिप् ऐकून
काटा किती मागे, किती पुढे ते हातातल्या घड्याळावर धरायचे,
मग एकेका भिंतीशी ताडून वहीत.
मी मागं कॅरिअरवर,
मांडीवर चाव्यांचा डबा, खड्ड्याखड्ड्याला खुळखुळणारा.

अडतीवर पत्र्याचं छप्पर.
एप्रिलात गुळाचे रवे घामेजायचे,
मुंगळ्यांना रांग मोडता यायची नाही,
आणि घड्याळ रोज सात सेकंद मागं.
भूपाल मगदूम गादीवरूनच ओरडायचे,
"आत्तार, सौदा निघून गेला की तुमचे दहा वाजणार काय?"
अब्बा स्टुलावर चढता चढता,
"मालक, लोखंड हाय ते. उकडलं की अंग सैल सोडतंय.
दांडी वाढली केसाच्या निम्म्यानं,
तेवढ्यानं झोका लांबतोय.
रेंगाळतंय बिचारं, चोरी करत न्हाई."
मग नटाला वरच्या अंगाला एक टिचकी.
डिसेंबरात पंचगंगेवरनं धुकं आत यायचं,
घड्याळ पुढं पळायचं,
मगदूम पुन्हा ओरडायचे,
टिचकी खालच्या अंगाला.

तालमीत मात्र स्टूल लागायचंच नाही फारसं.
हातभर जाडीच्या दगडी भिंती,
हौद्यात तांबडी माती,
ताक, तेल, लिंबू, हळद पिऊन गार पडलेली.
मला दाराबाहेरच थांबायला लागायचं.
आतून दंड-बैठकांचे हुंकार,
आणि अब्बांचा आवाज, "बरोबर हाय."
वर्षभर तेवढंच. बरोबर हाय.

अब्बा गेल्यावर वह्या माझ्याकडं आल्या.
त्यांत एका जानेवारीत,
तालमीच्या रकान्यात:
आठवड्यात अठ्ठावीस मागे.
ऐन थंडीत. पुढं जायचं ते मागं.
समोर प्रश्नचिन्ह, दोनदा गिरवलेलं,
आणि खाली पेन्सिलीनं,
येसबा वस्ताद. शेगडी.
नट हलवला नाही.

गंगावेशीत कट्ट्यावर दौलू बोंगाळे धारोष्ण दूध विकतो.
कान मोडलेले, मान बैलाची, तालमीतला जुना.
मी वही उघडून धरली.
तो म्हैस सोडून जवळ आला,
हात लुंगीला पुसून आकड्यांवर बोट ठेवलं.
"वस्तादांची छाती भरलेली त्या साली.
घराकडं चला म्हटलं तर माती सोडंनात.
घड्याळाखालीच घोंगडं टाकलं.
आम्ही पोरं पाळीनं निखारा घालायचो, दिवसरात्र.
कुणाला बोललो न्हाई,
वस्ताद आडवं पडल्यालं गावाला कळायला नको म्हणून.
तुझ्या बाला कुणी सांगितलं गं?"

मी दिवसाला चार सेकंदांचा हिशोब सांगायला लागले,
दांडी, निखारा, केसाचा निम्मा.
त्यानं मान हलवली,
पण तेवढ्यात गिऱ्हाईक आलं, तो फेसाळ पेला भरायला वळला.

पुढच्या शनिवारी वहीत: अठ्ठावीस मागे.
नट तसाच.
त्याच्या पुढच्या: अकरा मागे.
त्याच्या पुढच्या, अब्बांच्या बारीक अक्षरात:
बरोबर.

म्हणजे शेगडी विझली.
वस्ताद उठून घरी गेले म्हणून,
का उठलेच नाहीत म्हणून,
ते घड्याळाला वेगळं दाखवता येत नाही.
दौलूच्या पाठीकडं बघत मी उभी राहिले थोडा वेळ.
विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं.
मी एक पेला दूध घेतलं.
अजून कोमट होतं.